मामांचं चौथं बटण

आमच्या घरात तीन माणसं आणि एक डबा राहतो. माणसं म्हणजे मामा, मामी आणि त्यांचा भाचा, म्हणजे मी. डबा म्हणजे सिंथेसायझर. काळा, चपटा, समोर दोन ओळींचा पडदा, त्याखाली दोन बटणं आणि पाठीमागे तारा खुपसायला भोकं. वयाने तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे आणि घरात त्याचा मान वीस वर्षांनी मोठा असल्यासारखा आहे.

मामा-मामी एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी दोन तास वाजवतात. मामी कीबोर्डवर असते. मामांच्या पायाशी एक लोखंडी पट्टी, तिच्यावर आठ बटणं आणि उजवीकडे आवाज कमी-जास्त करायचं पॅडल. गंमत अशी की कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही आणि पट्टीलाही नाही. दोघांच्या तारा डब्यात जातात आणि वाजतो तो डबा. काय वाजवायचं ते मामी ठरवते, कोणत्या वाद्यात वाजायचं ते मामा ठरवतात. पहिलं बटण पियानो, दुसरं ऑर्गन, तिसरं व्हायोलिन, चौथं ट्रम्पेट. एकाने स्वयंपाक करायचा आणि मीठ दुसऱ्याने टाकायचं, तेही बाहेरच्या खोलीत बसून, असा हा सव्वीस वर्षांचा संसार.

या तारांमधून गाणं जात नाही, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. त्यातून फक्त निरोप जातात. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. ‘कीबोर्डवरची साठ नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोरात.’ ‘सोडली.’ ‘आता व्हायोलिन.’ ‘आवाज वाढव.’ झालं. सगळं शून्य ते एकशे सत्तावीस या आकड्यांत बसवायचं. मामीचा राग एकशे सत्तावीसच्या बराच वर जातो, पण यंत्रात त्याची सोय नाही.

सतरा महिन्यांपूर्वी त्या हॉलमध्ये एका मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचं जेवण होतं. मामी व्हायोलिनमध्ये अगदी संथ, हळवं काहीतरी वाजवत होती. मुख्याध्यापकांनी रुमाल काढला होता, दोन शिक्षिका एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या, ज्यांना मुख्याध्यापकांनी छडीने मारलं होतं ते जुने विद्यार्थीसुद्धा नाक ओढत होते. आणि त्या क्षणी डब्यातून ट्रम्पेट निघाला. सात सेकंद. मुख्याध्यापक ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले. त्यांच्या मागे सगळा हॉल उभा राहिला. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि लोक घरी जायला निघाले. गोड पदार्थ अजून यायचा होता.

“पाय घसरला,” मामा म्हणाले. त्यांचा पाय दहा नंबरचा आहे आणि ती बटणं सहा नंबरच्या माणसासाठी बनवलेली आहेत, हे खरं आहे.

“मुद्दाम केलं,” मामी म्हणाली. मामांना हळवं काही सहन होत नाही, हेही खरं आहे.

त्यानंतर त्या दोघांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत. एकाच टेबलावर, हातभर अंतरावर बसून.

“त्यांना सांग, त्यांचा निळा शर्ट वाळलाय.”

“मामा, तुमचा निळा शर्ट वाळलाय.”

“तिला सांग, ऐकलं.”

“मामी, ऐकलं म्हणतायत.”

“त्यांना सांग, त्यांनी ऐकलं हे मी ऐकलं.”

सुरुवातीला मी निरोप जसेच्या तसे पोचवत होतो. आठवडाभरात माझं वजन दोन किलोंनी उतरलं. मी धंद्याने दुरुस्तीवाला आहे. स्पीकर, अॅम्प्लिफायर, कीबोर्ड असली वाजणारी यंत्रं दुरुस्त करतो. बिघाड पुढे ढकलत राहणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी निरोप थोडे गाळायला लागलो.

“तिला सांग,” मामा म्हणायचे, “काल दुसऱ्या गाण्याला ती पट्ट्या अशा बडवत होती की टेबलावरचे चमचे चालायला लागले.”

“मामी, मामा म्हणतायत काल तुझं वाजवणं शेवटच्या टेबलापर्यंत पोचलं.”

“हं,” मामी म्हणायची. “त्यांना सांग, त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही.”

“मामा, मामी विचारतेय, गुडघा कसा आहे?”

“बराय,” मामा म्हणायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर संशय आणि समाधान यांच्यामधलं काहीतरी यायचं.

मग एके दिवशी मामी माझ्या दुकानात आली. तिने इकडेतिकडे पाहिलं. दुकानात मी आणि पोट उघडून ठेवलेला एक अॅम्प्लिफायर, एवढेच होतो.

“डब्यात काहीतरी कर,” ती म्हणाली. “यांचा ट्रम्पेट बंद कर. आणि ते पॅडलही. मध्येच माझा आवाज कमी करतात.”

“मामी, ते मामांच्या पायाखाली आहे. मामांना कळणार नाही का?”

“त्यांना कुठे काय ऐकू येतं? ते बसतात कुठे?”

हा मुद्दा बिनतोड होता. मामा स्टेजवर स्पीकरच्या मागे बसतात, आणि त्यांच्या कानाशी हॉटेलच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा आहे. तिथे बसून माणसाला फक्त पंखा ऐकू येतो आणि कांदा करपला तर वास येतो. बटण दाबलं की पट्टीवर लाल दिवा लागतो, तेवढ्यावर मामा समाधानी असतात.

मी डबा उघडला, म्हणजे त्याच्या मेनूत शिरलो. त्यात अशी सोय असते की आत येणारा एखादा निरोप अडवायचा, किंवा एक निरोप आला तर तो दुसराच आहे असं समजायचं. सत्तावन्न नंबर म्हणजे ट्रम्पेट, एक्केचाळीस म्हणजे व्हायोलिन. मी डब्याला शिकवलं, की सत्तावन्न आला तर एक्केचाळीस समज. आणि मामांच्या पॅडलचा निरोप आला तर तो आलाच नाही असं समज. डबा ‘बरं’ म्हणाला. डब्याचा हा गुण माणसांत फार कमी सापडतो.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आले. त्यांनीही इकडेतिकडे पाहिलं.

“तुझी मामी पट्ट्या बडवते,” ते म्हणाले. “डब्यात काही करता येईल का? म्हणजे ती बडवेल, पण डबा हळू वाजवेल?”

“येईल की.”

“तिला कळणार तर नाही?”

“मामा, ती सध्या तुमच्याकडे बघतही नाही. डब्याकडे कशाला बघेल?”

तेही केलं. आता मामीने एकशे सत्तावीसच्या जोराने मारलं तरी डब्यात पोचायचं ते सत्तर. आणि हातासरशी मी माझ्या अकलेने तिसरी गोष्ट केली. यंत्रांच्या जगात एक लांबलचक निरोप असतो, ज्यात एक यंत्र दुसऱ्याला आपली सगळी आठवण सांगतं, किंवा दुसऱ्याची मागतं. मामांची पट्टी चालू झाली की उगाच असलं काहीतरी बरळायची. मी लांबलचक निरोपांनाही डब्यात यायची बंदी घातली. घरात बोलणारं कोणीच नको, हे एकदा ठरलं की ठरलं.

परिणाम चमत्कारिक झाला. महिनाभराने मामी म्हणाली, “हल्ली मध्येच घुसत नाहीत. सुधारलेत की काय?”

मामा म्हणाले, “हल्ली टेबलावरचे चमचे जागेवर असतात. वय झालं असेल तिचं.”

हे दोन्ही निरोप मी गोड करून पोचवले. घरात शांतता आली. पुन्हा बोलायला लागले असं नाही, पण नाही बोलायचे तेसुद्धा जरा प्रेमाने. रोज संध्याकाळी दोघं स्टेजवर पाच फूट अंतरावर बसायचे, ती पुढे, ते मागे पंख्याशी. दिवसभरात दोघं एका कामासाठी एका ठिकाणी असायचे ते त्या दोन तासांत.

या सगळ्या काळात मी मामांची पट्टी तीनदा पुसून दिली. चौथ्या बटणावर काळ्या टेपचा एक चौकोन चिकटवलेला होता, कडांना धूळ बसलेली. मला वाटलं बटण मोडलंय. दुरुस्तीवाल्याला टेप दिसली की मोडकं बटणच दिसतं. मामांनी दुरुस्त करायला सांगितलं नाही, म्हणून मीही विषय काढला नाही. दाबलं तरी व्हायोलिनच वाजणार होतं.

मग हॉटेलच्या मॅनेजरने मला बोलावलं. मामा-मामींना नाही, मला. आमच्या घराशी बोलायचं तर माझ्यामार्फत बोलायचं, हे आता बाहेरही पसरलं होतं.

“काही तक्रार आहे का?” मी विचारलं.

“तक्रार काहीच नाही. तीच अडचण आहे,” तो म्हणाला. “पूर्वी महिन्याला दोन तक्रारी यायच्या. कोणी म्हणायचं फार जोरात, कोणी म्हणायचं मध्येच बँड वाजला. पण लोक ऐकत होते. दीड वर्षात एक तक्रार नाही. परवा एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, तुमच्या फ्रीजमधून छान आवाज येतो, कोणत्या कंपनीचा आहे?”

मी खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपला. बोलण्यासारखं माझ्याकडे भरपूर होतं.

“मालकीणबाई शनिवारी येतायत,” तो पुढे म्हणाला. “छतात दोन लहान स्पीकर बसवून तयार गाणी लावायचा त्यांचा विचार आहे. शनिवारी ऐकतील. आवडलं तर राहतील हे दोघं, नाहीतर रविवारपासून छत वाजेल.”

मी घरी येईपर्यंत हिशेब लावत होतो. ते दोन तास गेले तर या दोघांना एका खोलीत बसायचं कारण उरणार नाही. मामी तिच्या बहिणीच्या शिकवणीच्या वर्गात जाईल, हे ती तीनदा बोलली होती, आणि मी ते मामांपर्यंत एकदाही पोचवलं नव्हतं. मामा कुठे जातील, याचा विचार करताना मला एक्झॉस्ट पंख्याखेरीज काही सुचेना.

घरी मी बातमी दिली. दोघांना वेगवेगळी, अर्थात. फ्रीज मी गाळला.

“त्यांना सांग,” मामी म्हणाली, “शनिवारी नीट वाजवा. म्हणजे दाबा.”

“तिला सांग,” मामा म्हणाले, “मी सतरा महिने नीटच दाबतोय.”

“मामी, मामा हो म्हणतायत.”

शुक्रवारी दुपारी मी डबा जेवणाच्या टेबलावर उघडला. पडद्यावर दोन महिन्यांपासून ‘बॅटरी संपत आली’ अशी सूचना येत होती. डब्याच्या पोटात एक गोल, बटणाएवढी बॅटरी असते. वीज बंद असतानाही त्याला सगळं आठवतं ते तिच्यामुळे. ती काढली की डबा सगळं विसरतो, म्हणून आधी त्याची आठवण लॅपटॉपवर उतरवून घ्यायची असते. मी ती उतरवली. लॅपटॉपने ‘झालं’ म्हटलं. फाइलला मी ‘संसार’ असं नाव दिलं. मग जुनी बॅटरी काढली, नवी घातली, आठ स्क्रू पिळले. चालू करून बघणार तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला, त्याच्या अॅम्प्लिफायरमधून धूर येत होता. मी त्याला सांगितलं, “दुरुस्त केलेली वस्तू चालू करून बघितल्याशिवाय घरी नेऊ नये, हे मी तुम्हाला दहादा सांगितलंय.” आणि डबा न बघता तसाच ठेवून दुकानात गेलो.

शनिवारी संध्याकाळी सव्वासातला हॉलमध्ये मी डब्याची वीज लावली. पडद्यावर, जणू आम्ही पहिल्यांदाच भेटतोय असं, आपलं स्वागत आहे असं आलं. सव्वीस वर्षं घरात असलेल्या डब्याने मला ओळख दाखवली नाही. तो कारखान्यातून निघाला त्या दिवशीसारखा कोरा झाला होता.

हे अपेक्षितच होतं. मी लॅपटॉप काढला आणि ‘संसार’ परत पाठवायला घेतला. फाइलचं वजन शून्य होतं. नाव होतं, तारीख होती, आत काहीही नव्हतं.

कारण समजायला मला पाव मिनिट लागलं. शुक्रवारी लॅपटॉपने डब्याकडे त्याची आठवण मागितली होती. असली मागणी लांबलचक निरोपानेच करतात. लांबलचक निरोपांना मी स्वतः बंदी घातली होती. डब्याने माझा प्रश्न ऐकलाच नव्हता, आणि लॅपटॉपने ते मौन जसंच्या तसं जपून ठेवलं होतं.

सगळं हाताने पुन्हा बसवायचं तर मेनूत चौसष्ट पायऱ्या होत्या आणि बटणं दोन, एक पुढे जायला आणि एक हो म्हणायला. मागे जायला नव्हतंच. मी पुढे जात राहिलो. एकतिसाव्या पायरीवर मॅनेजर येऊन म्हणाला, “बाई बसल्यात. सुरू करा.”

स्पीकरचा आवाज तरी कमी करावा म्हणून मी वाकलो. तिथली गोल खुंटी डिंकाने चिकटवलेली होती.

“वेटर लोक सारखा कमी करायचे,” मॅनेजर म्हणाला. “मीच चिकटवली. पूर्ण वर.”

मी मामांकडे धावलो. ते पंख्याशेजारी बसून बुटाची नाडी बांधत होते.

“मामा, आज पॅडल जरा कमी वापरा.”

“का?”

खरं सांगावं असं मनात आलं. पण सतरा महिन्यांचं खोटं दोन मिनिटांत सांगायचं तर सुरुवात कुठून करायची? “म्हणजे, बाई वयस्कर आहेत.”

“मग तर जास्त वापरायला हवं,” मामा म्हणाले.

मी मामीकडे गेलो. “मामी, आज जरा हलक्या हाताने.”

“हा निरोप कोणाचा?”

“माझा.”

“मग तुझ्यापाशी ठेव.”

मालकीणबाई मधल्या टेबलावर बसल्या होत्या. सत्तरीच्या, पांढरे आखूड केस, पुढ्यात सूप आणि सुपाशेजारी शब्दकोडं. हातात पेन्सिल. ऐकायला आलेल्या माणसासारख्या त्या दिसत नव्हत्या. रविवारची तयारी झालेली दिसत होती.

मी स्टेजच्या कडेला, लॅपटॉप उघडा ठेवून बसलो. पडद्यावर डब्यात येणारा प्रत्येक निरोप ओळीने उमटतो, अशी त्यात सोय आहे. ही सोय सतरा महिन्यांपूर्वीही होती. निरोप अडवण्याआधी ते काय आहेत हे बघावं, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

मामीने पहिला सूर लावला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नळाला पाणी येत नसलं की आपण तोटी थोडी आणखी फिरवतो, मग आणखी, मग पूर्ण. मामीने जोर लावला तरी डबा सत्तरच्या वर जात नव्हता. म्हणून सतरा महिने ती रोज थोडा अधिक जोर लावत होती. तिला वाटत होतं बोटं म्हातारी झाली. आता तोटी पूर्ण उघडी होती, आणि पाणी आलं.

पहिला सूर असा आला की दाराजवळचा वेटर ट्रेसकट खाली बसला. बाईंच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. मामीने चटका बसल्यासारखे हात उचलले, पट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं. तिथे लिहिलं होतं, एकशे सत्तावीस.

पण सव्वीस वर्षं वाजवणारी बाई सुरावर थांबत नाही. तिने दात आवळून गाणं पुढे नेलं. मागे मामांनी मान वर केली. पंख्याच्या घरघरीपलीकडे काहीतरी आहे, हे त्यांना दीड वर्षात पहिल्यांदा कळलं होतं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

मग ती संथ ओळ आली, मुख्याध्यापकांची. मी डोळे मिटायच्या बेतात होतो. इथेच तो सत्तावन्न येतो. माझी नजर पडद्यावर.

एक्केचाळीस.

मामांनी व्हायोलिन दाबलं होतं. मी पुढच्या ओळीची वाट पाहत राहिलो. सत्तावन्न आला नाही. आला तो पॅडलचा निरोप. ऐंशी, नव्वद, शंभर, एकशे वीस, एकशे सत्तावीस. मामा आवाज कमी करत नव्हते. मामी जिथे जीव ओतून वाजवत होती तिथे ते तिचा आवाज वाढवत होते. आणि रोज काहीच वाढत नाही म्हणून रोज अधिक दाबत होते. आता त्यांचा दहा नंबरचा पाय पॅडलवर असा होता की जणू उतारावर गाडीचा ब्रेक लागत नाहीये.

मामीचा हात आणि मामांचा पाय, दोन्ही एकाच वेळी, मध्ये काहीही न गाळता. व्हायोलिन नव्हतं ते. शंभर माणसांनी एकदम हंबरडा फोडावा, पण सुरात, असं काहीतरी होतं. खिडकीची काच थरथरली. सगळ्या टेबलांवरचे चमचे चालायला लागले.

मामी वाजवता वाजवता मागे वळली. सतरा महिन्यांत पहिल्यांदा.

“अहो, पाय काढा!”

“तू हात आवर!” मामा ओरडले.

मी सवयीने अर्धा उठलो. “मामा, मामी म्हणतेय...”

“तू बस!” दोघं एकदम म्हणाले.

हॉलमध्ये सगळ्यांच्या माना स्टेजकडे वळल्या होत्या. मामीचे हात चालूच होते.

“सतरा महिन्यांनी परत तेच! मुद्दाम!”

“काय मुद्दाम? आवाज वाढवतोय तुझा! रोज वाढवतोय! तुला ऐकू येत नाही आणि मला म्हणतेस?”

“वाढवताय?”

“मग काय करतोय इथे? पंखा ऐकतोय? आणि ट्रम्पेट म्हणशील तर हे बघ!” मामा खाली वाकले आणि आख्खी लोखंडी पट्टी तारेसकट दोन्ही हातांनी वर उचलून हॉलला दाखवली, जशी पकडलेली मासळी दाखवतात. “टेप! त्या रात्रीच लावली! त्यानंतर त्या बटणाला पाय लावलेला नाही मी! विचार भाच्याला, त्याने तीनदा पुसलंय हे!”

मामीने माझ्याकडे पाहिलं.

“मला वाटलं बटण मोडलंय,” मी म्हणालो. हे त्या संध्याकाळी मी बोललेलं पहिलं संपूर्ण खरं वाक्य होतं.

मामी परत पट्ट्यांकडे वळली. दोन ओळी वाजवल्या, जरा हलक्या हाताने. मग पुन्हा मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, किंवा स्वयंपाकघरात कांदा करपला असेल.

“सांगायचं ना मग,” ती म्हणाली.

“कोणाला सांगायचं? रोज याच्याबरोबर निरोप पाठवत होतो. हा येऊन सांगायचा, मामी गुडघ्याचं विचारतेय.”

“मी? गुडघ्याचं?”

मी लॅपटॉप बंद केला. आता त्यात पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“काढा ती टेप,” मामी म्हणाली.

“अं?”

“काढा. शेवटची ओळ येतेय. आता लाजता कशाला, दाबा चौथं!”

मामांनी पट्टी खाली ठेवली. टेप जुनी होती, नखाने निघेना, शेवटी त्यांनी दाताने ओढली. मग बुटाचं टोक अगदी जपून, सहा नंबरच्या माणसासारखं, चौथ्या बटणावर ठेवलं.

ट्रम्पेट वाजला. सात सेकंद नाही, पूर्ण ओळ. सगळा हॉल उभा राहिला. काही जण टाळ्या वाजवायला उभे राहिले, काही जण पळायला, आणि एक म्हातारे गृहस्थ सावधानमध्ये. ते बहुधा शिक्षक असावेत.

गाणं संपल्यावर मालकीणबाई स्टेजपाशी आल्या. शब्दकोडं टेबलावरच राहिलं होतं, सुपात.

“ते मधलं भांडण,” त्यांनी विचारलं, “रोज असतं का?”

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे. मामांनी मामीकडे.

“ठरवून होत नाही ते,” मामी म्हणाली.

“हरकत नाही. झालं तर होऊ द्या,” बाई म्हणाल्या आणि मॅनेजरकडे वळल्या. “छताला भोकं पाडू नकोस. आणि ह्यांना त्या पंख्यापासून जरा इकडे घे.”

घरी जाताना डबा मी उचलला होता. ते दोघं पुढे चालत होते आणि माझ्याबद्दल बोलत होते. सतरा महिन्यांनी त्यांना एकमत व्हायला विषय मिळाला होता. माझी अक्कल, माझं दुकान, माझी हनुवटी माझ्या वडिलांवर गेली आहे ही गोष्ट, असं सगळं निघालं. मी काहीही गाळलं नाही. मला ते कोणापर्यंत पोचवायचंच नव्हतं.

सोमवारी मामी दुकानात आली. इकडेतिकडे पाहिलं. “ट्रम्पेट राहू दे,” ती म्हणाली. “फक्त जरा, अगदी जरा, हळू कर. त्यांना सांगू नकोस.” मंगळवारी मामा आले. “तिचा हात एकशे सत्तावीसवरून एकशे वीसवर येईल का? गुपचूप?”

दोघांनाही मी “झालं” म्हणालो आणि डब्याला हात लावला नाही. दोघांचंही काम आठवडाभर छान चाललंय, असं दोघांनी मला वेगवेगळं येऊन सांगितलं.

आज सकाळी चहाला आम्ही तिघं बसलो होतो. डबा चौथ्या खुर्चीवर.

“साखर दे गं,” मामा म्हणाले.

“मामी, मामा साखर मागतायत,” माझ्या तोंडून गेलं.

मामीने साखरेचं भांडं मामांकडे सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“ऐकू येतं मला,” ती म्हणाली. “तू चहा पी.”